तासाभराचा हिशेब: रोटवांडच्या वाटेवरचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरणातली माणसं चार. मी, म्युनिकमध्ये चार वर्षांपासून नोकरी करणारी. माझा नवरा. त्याच्या ऑफिसातला मित्र, जो मला वहिनी म्हणतो आणि आमच्याकडे हक्काने जेवतो. आणि औग्सबुर्गला शिकायला आलेला माझा मावसभाऊ. आम्ही तिघं सह्याद्रीत भरपूर भटकलेलो. भाऊ डोंगरात नवखा, पण पायाने चिवट.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार-रविवार. बव्हेरियाच्या आल्प्समधला रोटवांड हा १८८४ मीटर उंचीचा डोंगर चढायचा आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, असा बेत. शिखर दोघांनी पाहिलं, दुसऱ्या बाजूने कोणीच उतरलं नाही, शेवटचा अर्धा तास अंधारात चाललो आणि शेवटची बस चुकली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. तरीही हे लिहून काढावंसं वाटलं, कारण दोन दिवसांत ज्या पाच-सहा बारीकसारीक अडचणी आल्या त्या सगळ्या आम्ही सोडवल्या होत्या. प्रत्येक वेळी "चला, निभावलं" म्हणून पुढे निघालो होतो. आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

बेत

रोटवांडला जाणं अवघड नाही. म्युनिकहून बायरिशझेलकडे जाणारी गाडी पकडायची, श्लीरझे गावाच्या पुढचं फिशहाउझेन-नॉयहाउस हे स्टेशन तासाभरात येतं. तिथून बस वर श्पिट्सिंगझे या तळ्यापाशी सोडते. तळं साधारण १०८५ मीटरवर. तिथून रोटवांडहाउस या डोंगरी विश्रामगृहापर्यंत, म्हणजे १७३७ मीटरपर्यंत, खडीचा रुंद रस्ता आहे, जीप जाईल असा. तिथून शिखर अर्ध्या तासावर. आल्या वाटेने परत येणारेच जास्त. आम्हाला मात्र पलीकडे जायचं होतं: क्युम्फ्लशार्टे नावाच्या खिंडीतून सोइनझे या छोट्या तळ्याकडे आणि तिथून खाली गाइटाउ स्टेशनला. ही वाट देखणी आहे, पण खडीचा रस्ता नव्हे. दगड, मुळं, ओली माती, आणि उतरायचं जवळजवळ साडेनऊशे मीटर.

नवऱ्याने गुरुवारी कागदावर वेळापत्रक मांडलं. इथल्या पिवळ्या पाट्यांवर बहुतेक अंतर लिहिलेलं नसतं, वेळ असते, आणि ती वेळ काढायची एक प्रमाण पद्धत जर्मनीत ठरलेली आहे. चढ तासाला ३०० मीटर, उतार तासाला ५००, सपाटीवरचं अंतर तासाला चार किलोमीटर. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, मोठा असेल तो पूर्ण धरायचा आणि लहान असेल त्याचा निम्मा त्यात मिळवायचा. श्पिट्सिंगझे ते रोटवांडहाउस हे ६५० मीटर चढ आणि सहाएक किलोमीटर, म्हणजे पावणेतीन ते तीन तास. विश्रामगृहापासून गाइटाउपर्यंत सव्वातीन तास. सकाळी सव्वानऊला तळ्यावरून सुरुवात, बाराला वर, पाऊण तास जेवण, पन्नास मिनिटं शिखराला, आणि थांबत थांबत सव्वापाचला गाइटाउ. कागदाच्या तळाशी नवऱ्याने लिहिलं होतं: सूर्यास्त सहा. शिल्लक पाऊण तास.

त्या पाऊण तासाकडे बघून आम्ही समाधानाने मान डोलावली. कागद अजून माझ्याकडे आहे. त्यातली एकच ओळ चुकीची होती आणि ती शेवटची.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता मध्य युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात. जर्मनीत उन्हाळी वेळेचा हा खेळ १९८० पासून चालू आहे आणि आम्ही तो चार वर्षं बघत होतो. गुरुवारी म्युनिकचा सूर्यास्त सहाच्या सुमाराला होता. रविवारी तोच सूर्य पाचला मावळणार होता. गाड्या, बसगाड्या आणि आमचे फोन नव्या वेळेने चालणार, आणि उजेडाचा आकडा जुन्या वेळेचा. शिल्लक पाऊण तास नव्हतीच. घरातून निघण्याआधीच आम्ही पंधरा मिनिटं तोट्यात होतो.

शनिवार: दार

शनिवारी साडेचारला मी तळघरात बूट आणायला गेले. इथल्या जुन्या इमारतींत प्रत्येक घराला तळघरात लाकडी पट्ट्यांनी बंद केलेला एक कप्पा मिळतो. सायकल, सुटकेसा, लागत नाहीत पण टाकवत नाहीत अशा वस्तू, सगळं तिथे. पायात घरातल्या सपाता, हातात कप्प्याच्या कुलपाची किल्ली. दार मी ओढून घेतलं नव्हतं. जिन्याच्या खिडकीतून वारा आला आणि ते मागे लागलं. तो आवाज परदेशात राहणारा माणूस एकदाच ऐकतो, कारण दुसऱ्यांदा ऐकायची वेळ येऊ नये म्हणून जन्मभर किल्ली खिशात ठेवतो.

या दारांना बाहेरून फिरवायची कडी नसते. नुसता एक घट्ट नॉब असतो, ओढायला. दार लोटलं गेलं की जीभ आपोआप खाचेत बसते आणि किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही. नवरा रिकाम्या बाटल्या यंत्रात टाकून अनामत परत घ्यायला आणि सामान आणायला गेला होता, आणि मी घरात आहे म्हणून त्यानेही किल्ली नेली नव्हती. साडेपाचला तो दोन पिशव्या घेऊन आला तेव्हा मी जिन्याच्या पायरीवर, मांडीवर बुटांची जोडी घेऊन बसलेली.

"अगं, इथे काय करतेस?"

"बूट आणायला गेले होते."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. किल्लीवाल्याला बोलवावं का, यावर आमचं अर्धा तास चाललं. शनिवारी संध्याकाळी किल्लीवाला म्हणजे खिसा कापून घेणं, हे इथे राहणाऱ्या कोणालाही विचारा. शेवटी मित्राला फोन केला, कारण आमची जादा किल्ली त्याच्याकडे असते. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेव्हा तो पोचला सव्वासातला. दार उघडलं, चहा झाला, हसून झालं.

मिटलं. पण त्या पावणेतीन तासांत तीन कामं करायची राहिली होती, आणि दार उघडल्याच्या आनंदात ती कोणालाच आठवली नाहीत. एक, डोक्यावर बांधायच्या दुसऱ्या दिव्यात सेल नव्हते आणि नवऱ्याच्या यादीत ते नव्हते, मी नंतर फोन करून सांगणार होते. बव्हेरियात दुकानं रात्री आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. दोन, पॉवरबँक चार्ज करायची. तीन, मी बूट घालून घरात फेऱ्या मारणार होते, कारण ते चार वर्षं तळघरात पडून होते. बुटांना वरून ओलं फडकं मारलं. चामडं चकाकलं, तळव्याचे खाचे नव्यासारखे. इतके कमी वापरलेले बूट कशाला तपासायचे?

रविवार सकाळ: मिळालेला तास

फोनने वेळ आपोआप बदलली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळाने नाही. नवरा त्या घड्याळाने उठला आणि त्याने सगळ्यांना सहाला, म्हणजे खरं तर पाचला उठवलं. भाऊ, जो रात्री उशिरा येऊन सोफ्यावर झोपला होता, फोन बघून म्हणाला, "जिजू, पाच वाजलेत." मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं आणि सगळे खूश झाले. अख्खा तास फुकट! मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पीठ मळलं. मित्र ट्रामने आला, त्यानेही चार खाल्ल्या.

इथे एक गोष्ट नोंदवायलाच हवी, कारण सगळ्या प्रकरणात मला तिची सर्वांत जास्त लाज वाटते. वेळ बदलली हे आम्हा चौघांना सकाळीच माहीत होतं. मोठ्याने बोलून झालं होतं. वेळापत्रकाचा कागद तिथेच टेबलावर, पुऱ्यांच्या ताटाशेजारी, सूर्यास्त सहा या ओळीवर तेलाचा डाग पडलेला. सकाळी मिळालेला तास संध्याकाळच्या खिशातून काढलेला आहे, हे चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. मिळकत दिसली की माणूस तिचं खातं बघत नाही.

आणि तासभर हातात असूनही आम्ही गाडीसाठी पळालो. फावला वेळ असला की आवरायला नेहमीच जास्त वेळ लागतो, हे बहुतेक घरांत असंच असावं. म्युनिकच्या मुख्य स्टेशनात या डोंगराकडच्या गाड्या २७ ते ३६ या फलाटांवरून सुटतात, आणि ते स्टेशनाच्या एका बाजूला वेगळेच आहेत. मेट्रोतून वर आल्यावर बरंच चालावं लागतं. वाटेत स्टेशनातली रविवारीही उघडी असणारी दुकानं लागली, तिथे सेल मिळाले असते. आम्ही त्यांच्यासमोरून धावत गेलो आणि फलाटावर पोचताच समोर जो डबा उघडा दिसला त्यात शिरलो.

ही गाडी म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन गाड्या. होल्ट्सकिर्शेनला एक भाग सुटून बायरिशझेलकडे वळतो. उरलेल्यांची शाफ्टलाखला पुन्हा फाळणी, एक लेंगग्रीसला, एक टेगेर्नझेला. डब्याच्या दारावर, आतल्या पडद्यावर, घोषणेत, सगळीकडे सांगतात. आम्ही धापा टाकत होतो, मग पाणी प्यायलो, मग भाऊ त्याच्या वसतिगृहातल्या भांडणाची गोष्ट सांगायला लागला. गोष्ट रंगात आली तोवर होल्ट्सकिर्शेन मागे पडलं होतं आणि पडद्यावर टेगेर्नझे लिहिलं होतं.

शाफ्टलाखला उतरलो, उलटी गाडी पकडून होल्ट्सकिर्शेनला आलो, पुढची बायरिशझेलची गाडी मिळाली. गेला तासच, जास्त नाही. तिकिटाचा प्रश्न नव्हता, चौघांकडेही महिन्याचा देशभर चालणारा पास. मित्र म्हणाला, "वहिनी, तो सकाळचा फुकटचा तास यात वळता झाला. हिशेब चुकता." आम्हाला ते अगदी पटलं. आज वाटतं, एकच तास आम्ही किती वेळा खर्च केला! सकाळी पुऱ्यांवर, मग गाडीवर, आणि संध्याकाळी तो पुन्हा आमच्याकडे मागितला गेला.

श्पिट्सिंगझेला पोचलो, कॉफी झाली, आणि चालायला लागलो तेव्हा साडेदहा. बेतापेक्षा सव्वा तास उशीर. कागद सॅकच्या वरच्या कप्प्यात होता. कोणी काढला नाही.

बूट

पहिला तळवा सुटला तो विश्रामगृहाच्या तासभर अलीकडे. पाय उचलला की टाचेकडून फटक फटक आवाज. वाकून पाहिलं तर उजव्या बुटाचा रबरी तळवा टाचेपासून मधल्या भागापर्यंत लोंबत होता, आणि मध्ये जिथे फोम असायला हवा तिथे बोट लावलं की वाळक्या केकसारखा भुगा पडत होता.

हे पुढे वाचून समजलं ते असं. डोंगरी बुटाच्या वरच्या भागात आणि रबरी तळव्यात एक मऊ थर असतो, बहुतेकदा पॉलियुरेथेनचा. धक्का तो झेलतो. हवेतली आर्द्रता या पदार्थाच्या साखळ्या हळूहळू तोडते, म्हणजे जलविघटन. बूट वापरात असला तर चालताना दाबाने ओल बाहेर पडते आणि प्रक्रिया मंदावते. पडून राहिला तर ओल आतच राहते. दमट तळघर आणि चार वर्षं, शिवाय त्याआधी घरी पावसाळ्यांत काढलेली दोन-तीन. चामडं तसंच राहतं, रबर तसंच राहतं, आणि मधला थर आतून मेलेला असतो. कमी वापरलेला बूट म्हणून मी ज्याच्यावर विश्वास टाकला, तो कमी वापरल्यामुळेच गेला होता.

मित्राच्या सॅकमध्ये चिकटपट्टी होती, भावाच्या सॅकमध्ये जादा नाडी. नाडी तळव्याखालून घेऊन घोट्यावर बांधली, वरून पट्टी गुंडाळली. चिकटपट्टी ओल्या चामड्याला धरत नाही, म्हणून आधी नवऱ्याच्या रुमालाने बूट पुसून, दोन्ही तळहातांत धरून गरम केला. अर्धा तास गेला. मला या दुरुस्तीचा फार अभिमान वाटला, फोटोसुद्धा काढला. वीस मिनिटांनी डावा सुटला. का सुटू नये? दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच खोक्यात ठेवलेले. यावेळी हात बसलेला होता, पंधरा मिनिटांत झालं.

खडीच्या रस्त्यावर हे जुगाड टिकलं, पण पाय आपटून टाकता येईना. मी बदकासारखी चालत होते आणि बाकीचे माझ्या चालीने. आणखी वीस मिनिटं गेली ती अशी.

निर्णय

रोटवांडहाउसला पोचलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं. ऊन छान, बाकांवर माणसं, खाली दरीत धुक्याचा पातळ थर. चहा, पुऱ्या. अर्ध्या तासात आटोपलं, कारण आता उशीर झालाय एवढं सगळ्यांना जाणवत होतं. किती, हे कोणी बोलत नव्हतं.

दोन पन्नासला मित्र म्हणाला, "शिखर करू आणि खिंडीतून निघू. उतारावर वेळ भरून काढू."

नवरा म्हणाला, "सूर्यास्त सहाला आहे. सव्वातीन तासांत गाइटाउ. होतंय."

"जिजू, पाचला दाखवतोय," भाऊ म्हणाला. त्याच्या फोनवर सहा टक्के बॅटरी उरली होती आणि त्यातली एक त्याने हे बघण्यात घालवली.

"पाचला कसा असेल? परवाच सहाला होता."

मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मला सकाळचं टेबल आठवलं.

मी कागद काढला. मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागले: गाडी ६०. कॉफी १५. बूट ४५. माझी चाल २०. बेरीज १४०, जेवणात वाचवलेली पंधरा वजा, राहिले १२५. खाली घड्याळाचे ६०. एकूण १८५. तीन तास आणि पाच मिनिटं. शनिवार संध्याकाळपासून पहिल्यांदाच हे आकडे एकाखाली एक आले होते, आणि आकडे बघितल्यावर वाद असा झालाच नाही. शिखर सोडून थेट निघालो असतो तरी नेहमीच्या चालीने गाइटाउला सहा वाजून गेले असते. माझ्या बुटांनी सात. म्हणजे सूर्यास्तानंतर दोन तास, आणि ते दोन तास अनोळखी जंगलउतारावर. दिवा एक चालणारा, एक रिकामा, फोनचे दिवे दोन-तीन, त्यातला एक मरणपंथाला.

परत त्याच खडीच्या रस्त्याने जायचं ठरलं. मला आजही हा निर्णय बरोबर वाटतो, आणि त्याचं श्रेय अनुभवाला द्यावंसं वाटत नाही. अनुभवाने आम्हाला उलट फसवलं. सह्याद्रीतल्या भटकंतीने आम्हाला दोन सवयी लावल्या होत्या: आपण पाट्यांपेक्षा वेगाने चालतो ही घमेंड, आणि अडलंच तर खाली वाडीत कोणीतरी भेटेल हा भरवसा. ऑक्टोबरअखेर या उतारावरच्या अल्म, म्हणजे उन्हाळी गोठे, रिकामे असतात. गुरं सप्टेंबरातच खाली नेलेली असतात. दार ठोठवायला दार असेल, आत माणूस नसेल.

पण लगेच पुढे जे केलं ते चुकलं. मित्राचा चेहरा पडला होता. "वहिनी, एवढं वर येऊन शिखर समोर दिसतंय. आम्ही दोघं पळत जाऊन येतो." आणि भाऊ आशेने बघत होता. मी हो म्हटलं. पन्नास मिनिटं. परतीची वाट सोपी होती, हे माझं समर्थन. खरं कारण असं की शनिवारी हाच मित्र शहर ओलांडून किल्ली घेऊन आला होता आणि मला त्याला नाही म्हणवेना. गटात वेळ फक्त घड्याळाने जात नाही, भिडेनेही जाते. भावाने शिखरावरच्या क्रुसाचा फोटो काढला आणि त्याचा फोन तिथेच मेला.

उतार

तीन चाळीसला निघालो. पहिला तास सुरेख. पाचच्या आधीच सूर्य समोरच्या धारेमागे गेला. दरीत सूर्यास्त पंचांगातल्या वेळेआधी होतो, हेही कागदावर नव्हतं. मग झाडांचा पट्टा आला आणि साडेपाचनंतर रस्त्याची खडी फक्त बुटांखाली जाणवायची, दिसायची नाही. एक दिवा पुढे नवऱ्याकडे, माझा फोन मागे. मधले दोघं त्यांच्या सावल्यांत. माझ्या उजव्या बुटाची चिकटपट्टी सुटून शेपटीसारखी मागे ओढली जात होती आणि तिचा सर्र सर्र आवाज बराच वेळ मला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटत होता.

या टप्प्यावर भीती वाटली का? नाही. रस्ता रुंद, एका बाजूला ओढ्याचा आवाज, चुकायला जागा नाही. फक्त मी मनातल्या मनात तोच वेळ पलीकडच्या बाजूला लावून बघत होते. आत्ता कुठे असतो? सोइनझेच्या खाली कुठेतरी, मुळांमध्ये पाय चाचपडत. आपत्कालीन क्रमांक ११२ सगळ्या युरोपात चालतो, डोंगरात फोनला रेंज असेल तर. नसेल तर आल्प्समधली जुनी खूण: मिनिटाला सहा वेळा दिवा किंवा शिट्टी, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर येतं ते मिनिटाला तीन वेळा. भावाला हे चालता चालता शिकवलं. त्याने विचारलं, "ताई, आपल्याकडे शिट्टी आहे?" सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल बघ, असं म्हटलं. बऱ्याच सॅकना तिथेच शिट्टी असते. त्याच्या सॅकला होती. त्याने ती वाजवली, एकदाच, आणि आम्ही तिघांनी एकदम त्याला गप्प केलं. इथे गंमत म्हणून शिट्टी वाजवली तरी बचावपथकाचे स्वयंसेवक रात्री घराबाहेर पडू शकतात.

तळ्यावर पोचलो सहा वाजून पाच मिनिटांनी. बस गेली होती. एका हॉटेलात शिरून टॅक्सी बोलवायची विनंती केली, त्यांनी आमच्या पायांकडे बघितलं आणि काही न विचारता फोन उचलला.

गाडीत आणि नंतर

श्लीरझे स्टेशन हे टोकाचं स्टेशन आहे. म्हणजे गाडी तिथे शिरते, थांबते आणि आल्या दिशेने बाहेर पडते. दुसरीकडे रूळच नाहीत. भाऊ खिडकीला डोकं टेकून झोपला होता. गाडी उलटी निघाली तसा दचकून उठला, "ताई, आपण परत चाललोय! उतरा!" म्हणत सॅक उचलून दाराकडे. सकाळचा अनुभव पाहता त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. समोरच्या बाईंनी त्याला हाताने बसायची खूण केली. रोज कोणी ना कोणी उठत असेल.

होल्ट्सकिर्शेनच्या आधी तिकीट तपासनीस आला. तिघांनी पास दाखवले. भावाचा पास मेलेल्या फोनमध्ये. पॉवरबँक आमच्याकडे होती, रिकामी. इथे बंद फोन म्हणजे तिकीट नसणं, दंड ६० युरो, पण नावावर काढलेला पास नंतर दाखवला की तो ७ युरोंवर येतो. तपासनीस शांतपणे चिठ्ठी लिहीत होता आणि भाऊ शांतपणे नावाचं स्पेलिंग सांगत होता. शनिवारी साडेचारला वाऱ्याने लागलेल्या दाराचं हे शेवटचं बिल.

नंतर चौघांनी बसून बोललो तेव्हा प्रत्येकाने वेगळं कारण दिलं. नवरा म्हणाला बूट. मित्र म्हणाला गाडी. भाऊ म्हणाला घड्याळ. प्रत्येकाचं खरं आहे आणि एकट्याने कोणतंही पुरेसं नाही. बूट तुटूनही वेळेत निघालो असतो तर शिखर करून उजेडात खाली आलो असतो. गाडी चुकूनही उजेड सहापर्यंत असता तरी जमलं असतं. मला दिसतं ते असं, की आम्ही प्रत्येक अडचण सुटली की तिचं खातं बंद करत होतो. दार उघडलं, संपलं. गाडी मिळाली, संपलं. नाडी बांधली, संपलं. प्रत्येक खात्यात थोडी थोडी उधारी उरत होती आणि ती सगळी एकाच ठिकाणी, उजेडाच्या खात्यात, जमा होत होती. सुटलेली अडचण न सुटलेल्या अडचणीपेक्षा जास्त फसवते, कारण न सुटलेली निदान डोळ्यासमोर राहते. जर तळवा सुटला त्या जागीच, बूट बांधून होताच, कागद काढला असता, तर शिखराचा नाद वेळीच सोडून उजेडात खाली आलो असतो. आकडे तेव्हाही तेच होते.

आता आमच्यात एक नियम झालाय, तोही मित्राच्या आग्रहाने: कुठेही काही बिघडून दुरुस्त झालं की निघण्याआधी एकाने मोठ्याने म्हणायचं, "किती गेले?" सुरुवातीला हसू येतं. मेट्रो चुकली तरी म्हणतो.

जादा किल्ली आता शेजारच्या आजींकडे आहे. चार वर्षं त्यांच्याशी ग्र्युस गॉटच्या, म्हणजे इथल्या नमस्काराच्या, पलीकडे बोलले नव्हते. किल्ली द्यायला गेले तर त्यांनी आत बोलावून आधी त्यांचीच किल्ली माझ्या हातात ठेवली. बूट कचऱ्यात गेले, नाडी काढून घेतली, ती चांगली होती. भावाने ७ युरो भरले. स्वयंपाकघरातलं घड्याळ मात्र अजून तासभर पुढेच आहे. त्याच्यापर्यंत पोचायला स्टूल लागतं, आणि स्टूल तळघरात आहे.